तुळशीबागेमागचं लोकरीचं दुकान: आधी ‘कुणासाठी?’, मग लोकर

अण्णांच्या मेंदी रंगाच्या स्वेटरच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या वर चार बोटांवर, एक रेघ होती. रेघेखाली मेंदी आणि रेघेवरही मेंदीच, पण खालची जरा पिवळट, वरची जरा काळपट. घरात दुसऱ्या कुणाला ती दिसायची नाही. मला रोज दिसायची, कारण अण्णा सकाळी गॅलरीत पेपर वाचायला बसले की त्यांचा उजवा हात उन्हात यायचा. त्या रेघेपायी मी या दुकानात पोचले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

झालं असं की लोकर मी दुसरीकडून घेतली होती. चार गुंडे, ४०० ग्रॅम. ‘फुल स्वेटरला भरपूर झाली’ असं तिथे सांगितलं, कुणासाठी ते विचारलं नाही. अण्णा पावणेसहा फूट उंच, हात लांब. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, डावी बाही झाली आणि उजवी बाही कोपराच्या वर पोचली तेव्हा गुंड्याचा आतला दोरा संपला. पाचवा गुंडा घ्यायला चार महिने गेले. कंपनी तीच, शेड नंबर तोच. रात्री ट्यूबखाली विणत बसले, काही कळलं नाही. कळलं ते शिवून, धुऊन, उन्हात वाळत घातल्यावर.

शेड नंबर म्हणजे रंगाची कृती आणि लॉट नंबर म्हणजे त्या कृतीने एका वेळी रंगवलेला घाणा. पाणी, तापमान, धाग्याचा मूळ पांढरेपणा यांत थोडा फरक पडला की रंग किंचित सरकतो. एकाच हाताने, एकाच मापाने केलेली आमटी सोमवारी आणि गुरुवारी जरा वेगळी लागते, तसंच. गुंड्याच्या कागदी पट्टीवर दोन्ही नंबर छापलेले असतात. वीस वर्षं विणत होते, पण मी फक्त पहिलाच बघायचे.

आमच्या विणकामाच्या गटातल्या एका काकूंनी सांगितलं, ‘मंडईकडे एक दुकान आहे, तिथल्या काकांना बाही दाखव.’

दुकान तुळशीबागेच्या मागच्या अंगाला, मंडईकडे निघणाऱ्या बोळात आहे. पाटीचा रंग इतका उडालाय की नाव वाचता येत नाही, ‘लोकर, सुया, क्रोशाचा दोरा’ एवढंच उरलंय. आम्ही सगळ्या त्याला काकांचं दुकानच म्हणतो. दाराशी हुकाला निळी-पांढरी लोकरीची कुंची टांगलेली असते, तीच खूण धरा. कोथरूडहून जाणं आता फार सोपं झालंय. आनंदनगरला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला खाली भुयारात उतरून स्वारगेटची गाडी धरायची आणि मंडईला बाहेर पडायचं. ही भुयारी गाडी सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाली, तेव्हापासून माझ्या फेऱ्या वाढल्या. जाता-येता मोज्याच्या वीसेक ओळीही होतात. वायरच्या गोल सुईवर विणते, त्यामुळे शेजारच्या माणसाला सुईचं टोक लागत नाही.

तर पहिल्या दिवशीची गोष्ट. काकांनी बाही हातात घेतली आणि काही न बोलता बाहेर पायरीवर उजेडात नेली.

‘लॉट बदललाय. कुणासाठी केलाय?’

‘वडिलांसाठी.’

‘मग उसवा, ताई. ते काही बोलणार नाहीत, पण तुम्हाला दिसत राहील.’

हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मला वाटलं, आता नवीन पाच गुंडे काढून समोर ठेवतील. तसं काही झालं नाही. त्यांनी दोन रंगांच्या दोन तुकड्यांनी समोरच वीस टाक्यांची पट्टी विणून दाखवली. रेघेच्या खाली वीतभर उसवायचं. तिथून दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन ओळी नव्या लोकरीच्या, असं वीतभर वर चढायचं आणि मग नवी लोकर पुढे चालू ठेवायची. दोनच ओळी का? एक ओळ जाताना, एक येताना, म्हणजे दोरा पुन्हा त्याच कडेला येतो. तोडायला नको, गाठी नकोत. रंग एकदम बदलला की डोळा रेघ पकडतो, असा हळूहळू बदलला की पकडत नाही.

घरी येऊन शिवण सोडवली, बाही उसवली. उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे बसतात. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी केली, चार जागी बांधली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली स्टीलचा पेला अडकवून न्हाणीघरात टांगली. दोन दिवसांनी दोरा सरळ. मग तीन रात्रींत बाही पुरी. आता मी स्वतः शोधते तेव्हा मला जागा सापडते, कारण कुठे शोधायचं ते माहीत आहे. अण्णांना स्वेटर परत दिला तेव्हा ते म्हणाले, ‘धुतलास होय?’

त्या दिवशी दुकानात माझं बिल झालं शून्य रुपये. तेव्हापासून साडेतीन वर्षं मी लोकर दुसरीकडून घेतलेली नाही, एक अपवाद सोडून. त्या अपवादाबद्दल पुढे सांगते.

इथे लोकर मागितली की आधी प्रश्न येतो: ‘कुणासाठी?’ नवख्या माणसाला तो आगाऊपणा वाटू शकतो. मला विचाराल तर या दुकानाची खरी किंमत या प्रश्नात आहे. बाळासाठी म्हटलं की ते तुस असलेली, केसाळ लोकर खाली ठेवतात, कारण तुस बाळाच्या नाकातोंडात जातं. मऊ, घट्ट पिळाची बेबी लोकर काढतात. पुण्यात राहणाऱ्या आजोबांसाठी म्हटलं की कृत्रिम धाग्याचं अ‍ॅक्रिलिक. इथली थंडी सकाळी नऊपर्यंतची, नंतर स्वेटर खुर्चीवरच पडतो, आणि रोज वापरायचा तर मशिनमध्ये धुता आला पाहिजे. दिल्लीला शिकायला जाणाऱ्या मुलीसाठी म्हटलं की मात्र ते लोकरीचं प्रमाण जास्त असलेली मिश्र लोकर दाखवतात आणि हातानेच धुवायला बजावतात. गरम पाण्यात चोळली की खऱ्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो, तो पुन्हा सैल होत नाही. आपण मराठीत अ‍ॅक्रिलिकलाही सर्रास लोकरच म्हणतो, त्यामुळे हा फरक कुणीतरी तोंडाने सांगावाच लागतो.

माणसाची उंची, छाती विचारून ते वजन सांगतात आणि एक गुंडा जास्तीचा देतात. कागदी पट्टी शाबूत असेल आणि गुंडा सोडलेला नसेल तर तो परत घेतात. सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे तुमच्यासमोर एकेक पट्टी वाचून बघतात. पैसे कमी असले तर उरलेले गुंडे तुमच्या नावाची चिठ्ठी लावून महिनाभर वरच्या फळीवर ठेवतात, आगाऊ रक्कम घेत नाहीत. वर्धमान, ओसवाल, गंगा या नेहमीच्या कंपन्यांचा माल आहे. मी मागच्या महिन्यात साध्या अ‍ॅक्रिलिकच्या १०० ग्रॅमला सव्वाशेच्या आत पैसे दिले. भाव इतर दुकानांसारखाच आहे. स्वस्त मिळेल म्हणून जाऊ नका.

सुयांच्या बाबतीत काकांच्या सूनबाई जास्त जाणकार. मी त्यांना वहिनी म्हणते. एकदा एक कॉलेजातली मुलगी आली, हातात जाडजूड लोकरीचा गुंडा, आणि म्हणाली, ‘दहा नंबरची सुई द्या.’ वहिनींनी विचारलं, ‘आपला दहा की व्हिडिओतला दहा?’ मुलगी गोंधळली. आपल्याकडे आई-आजीपासून चालत आलेले नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार. अमेरिकन पद्धत उलटी, तिथे दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर. त्या मुलीने आपली दहा नंबर नेली असती तर तो मफलर पुठ्ठ्यासारखा झाला असता आणि तिने विणणंच सोडलं असतं. वहिनींनी तिला सुयांची जाडी मोजायची भोकांची पट्टी दाखवली, सहाच्या भोकात सुई घालून दाखवली आणि म्हणाल्या, ‘यापुढे नंबर मागू नकोस, मिलिमीटर माग.’ मी माझ्या आईच्या पोनी कंपनीच्या सगळ्या राखाडी सुया त्या पट्टीतून काढून घेतल्या, प्रत्येकीला मापाची चिकटपट्टी लावली. निटप्रोच्या लाकडी, टोकं बदलता येणाऱ्या गोल सुयांचा संचही मी इथूनच घेतला. महाग वाटला, पण आता एकाच वायरवर पाच मापांची टोकं लावते. वायरच्या टोकाला, सुईचं टोक घट्ट करायची किल्ली घालायला जे बारीक भोक असतं, त्यात वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून एक ओळ विणली की तो दोरा आपोआप त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून जातो. पुढे जाळीच्या विणीत चूक झाली तर तिथपर्यंतच उसवतं, त्याखालचा टाका सुटत नाही. ही युक्ती वहिनींची.

आता तो अपवाद. दिवाळीत मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘शंभर टक्के मेरिनो’ म्हणून चार लडी मागवल्या. हाताला मऊ, रंग सुंदर, पाण्यात भिजलेल्या जांभळासारखा. मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तंतू फार बारीक असतात, म्हणून ती अंगाला टोचत नाही. बहिणीच्या नणंदेला शाल करायची होती. विणताना सुईवर दोरा किंचित किरकिरायला लागला. मी एक लडी वहिनींकडे नेली. त्यांनी चार बोटं दोरा कापला, दुकानाबाहेर पायरीवर आल्या, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून काडी लावली. खरी लोकर असेल तर ज्योत रेंगाळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा दोरा भराभर पेटला, वितळला, घाणेरडा झोंबणारा वास आला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. त्यांनी तो मणी गार होऊ दिला आणि माझ्या तळहातावर ठेवला. साबुदाण्याएवढा होता. मी तो अजून ठेवलाय, वहीच्या पानाला चिकटवून.

वहीबद्दल सांगायला हवं. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, त्यामुळे लोकरीचाही हिशेब आहे. प्रत्येक गुंडा कधी घेतला, वजन, शेड, लॉट, कुणासाठी. तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला दिवाण रिकामा करून सगळी लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर थोडी थोडी करून मोजली, ११ किलो ४०० ग्रॅम भरली. त्यातली निम्मी ‘रंग छान आहे’ म्हणून घेतलेली. दोन-दोन गुंडे, ज्यांत टोपीही होईल आणि स्वेटर मात्र कशाचाच होणार नाही असे. ‘कुणासाठी?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसलं की मी आता घेत नाही. यंदाच्या संक्रांतीला काटा सात किलोच्या आत आला. काटा विणतानाही उपयोगी पडतो. गुंडा संपत आला की वजन करायचं, दहा ओळी विणायच्या, पुन्हा वजन करायचं. दहा ओळींना सहा ग्रॅम लागले आणि उरले चौदा, तर अजून वीस ओळी होतील आणि टाके बंद करायला थोडी उरेल. टाके बंद करायला रुंदीच्या साधारण चौपट दोरा लागतो, तो धरूनच थांबायचं.

साठवणुकीचा एक सल्ला काकांनी दिला, तो इथे मुद्दाम लिहिते, कारण तो लहान बाळांच्या जिवाशी निगडित आहे. खऱ्या लोकरीला कसर लागते, तिच्या अळ्या लोकर खातात. अ‍ॅक्रिलिक त्या खात नाहीत. म्हणून आपल्याकडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकायची पद्धत. पण बाळंतविड्याच्या कपड्यांजवळ त्या गोळ्या कधीही ठेवू नका. काही बाळांना जीसिक्सपीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळांच्या रक्तपेशी त्या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे फुटू शकतात, कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता आहे हे घरात बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. काका कुंची, टोपडं, मोजे यांची लोकर देताना प्रत्येकाला हे सांगतात. त्यांनी सुचवलेला उपाय: खरी लोकर धुऊन, कडकडीत वाळवून, झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि मग तशीच बंद ठेवायची. उन्हाळ्यात बाहेर काढून झटकायची. मी करते. साडेतीन वर्षांत एकही भोक नाही.

आमचा गट रविवारी सकाळी थोरात उद्यानात जमतो, आठ-दहा जणी. सगळ्यात लहान बावीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या एकोणऐंशीच्या. त्या मोठ्या काकूंना आता बारीक वीण दिसत नाही, पण हाताने चाचपून ‘इथे एक टाका गळलाय’ असं सांगतात आणि तो गळलेला असतो. एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात विभागासाठी आम्ही टोप्या करतो, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं ३३ ते ३५ सेंटिमीटर असतं, ही बाळं त्याहून लहान. गोंडा नाही, नाडी नाही, बटण नाही, आतून गाठ नाही. रिबची टोपी, एक सुलट एक उलट, म्हणजे ताणून बसते. काकांना हे कळलं तेव्हापासून ते पट्टी फाटलेले, सुटे राहिलेले बेबी लोकरीचे गुंडे बाजूला ठेवतात आणि दोन महिन्यांनी पिशवी भरली की फोन करतात. पैसे देऊ केले तर त्यांना राग येतो. मागच्या पिशवीतून त्रेचाळीस टोप्या झाल्या.

उणिवाही आहेत. दुकान अंधारं आहे. ट्यूबखाली जांभळा दिसणारा रंग बाहेर निळा निघतो, म्हणून गुंडा पायरीवर नेऊनच ठरवा. काका स्वतः नेऊ देतात, पण गर्दीत लाज वाटते. सुती धाग्यांत रंग फारच कमी, क्रोशाची पर्स किंवा उन्हाळी टॉप करणारीला इथे निराशा येईल. फोनवर रंग सांगत नाहीत, फोटो पाठवत नाहीत, घरपोच तर नाहीच. एकदा माझ्या चिठ्ठीचे गुंडे चुकून दुसऱ्या बाईंना विकले गेले. काकांनी ‘माझी चूक’ म्हणून त्याच लॉटसाठी दोन ठिकाणी फोन लावले, पण लॉट मिळाला नाही आणि ती शाल मला दुसऱ्या रंगात करावी लागली. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची दख्खनी लोकर कधीतरी ठेवा, असं मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘ती घोंगडीची लोकर, ताई. स्वेटर केलात तर अंगाला टोचेल.’ बरोबर आहे, ती जाड आणि राठ असते, चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीतच शोभते. तरी बसायच्या आसनासाठी तरी मिळायला हवी होती असं मला अजून वाटतं.

जायचंच असेल तर पावसाळा संपता संपता, सकाळी अकराच्या सुमाराला जा. सारसबागेतल्या गणपतीच्या अंगावर स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी चढली की साऱ्या पुण्याला थंडीची आठवण होते, आणि त्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत या दुकानात उभं राहायला जागा नसते. तेव्हा काकांना ‘कुणासाठी?’ विचारायलाही सवड मिळत नाही. जाताना ज्याच्यासाठी विणायचंय त्याचा अंगाला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर पिशवीत घेऊन जा. ते तो गल्ल्यावर पसरून वितीने मोजतात आणि त्यावरून वजन सांगतात. माझं माप आजवर एकदाही चुकलेलं नाही.

सध्या माझ्या नावाच्या चिठ्ठीचे दोन गुंडे तिथल्या वरच्या फळीवर आहेत, करड्या रंगाचे. अण्णांच्या हाफ स्वेटरची पाठ झालीय, पुढचा भाग गळ्यापर्यंत आलाय. महिना पुढच्या शुक्रवारी संपतो, त्याआधी जाऊन आणायचेत.